माप उभ्याचे, सायकल बसल्याची

ताथवडे, पुनावळे, वाकड या पट्ट्यात सायकलवाले आता डोळ्यांत भरण्याइतके झाले आहेत. आठवडाभर हिंजवडीत नाहीतर चाकणला नोकरी, शनिवारी पहाटे बायपास ओलांडून मुळशी किंवा लोणावळा, आणि हौस वाढली की दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या. ब्रेव्हेत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४० तास. इतका वेळ एकाच बैठकीत काढायचा तर सायकल अंगाला बसलेली असावी लागते. हाताला मुंग्या, मानेत कळ, गुडघ्याच्या पुढच्या भागात ठणका, हे सगळे सोसून झाले की माणूस स्वतःच्या मापाची फ्रेम करून घ्यावी असा विचार करू लागतो. तो विचार योग्य आहे. त्याच्याबरोबर फिरणारा एक दावा मात्र मला अजिबात मान्य नाही.

दावा असा. अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून मोबाइलसमोर उभे राहा, एकदा समोरून, एकदा बाजूने. ॲप तुमची सगळी मापे मिलिमीटरमध्ये देईल. ती फ्रेम बनवणाऱ्याला पाठवा, तो त्यावरून नळ्या कापेल, आणि तुमच्या शरीरासाठीच बनलेली फ्रेम घरी येईल. टेप, मिस्त्री, ट्रायल यांची गरज संपली. हे सांगणारे अडाणी नाहीत, इंजिनिअर आहेत. दिवसा ज्यांच्या हाताखाली सुट्या भागांची ड्रॉइंग तपासली जातात, अशी ही माणसे. म्हणून त्यांना उत्तर नीट द्यायला हवे.

माझे म्हणणे इतकेच की उभ्या शरीराच्या स्कॅनवरून फ्रेमची नळी कापू नये. स्कॅन ही फार तर पहिली नोंद. नळी कापायची ती माणूस सायकलवर बसवून, त्याला पायडल मारायला लावून मोजल्यानंतरच.

आधी हे पाहू की फ्रेम बनताना कोणते आकडे कायमचे होतात. सीटची उंची त्यांत येत नाही. सीटपोस्ट दहा-बारा सेंटिमीटर सहज वरखाली होतो आणि ॲलन कीने काम दोन मिनिटांत होते. फ्रेम कायमची ठरवते ती वेगळीच मापे. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँक जिथे फिरते त्या सांध्याच्या, मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर, म्हणजे रीच. तेच अंतर उभे घेतले तर स्टॅक. सीट ट्यूबचा कोन. पुढचे चाक पायापासून किती लांब राहील ते. एकदा वेल्डिंग झाले की यांतले काहीही हलत नाही.

आता स्कॅन सर्वांत बरे काय मोजतो? पायाची आतली उंची, जांघेपासून जमिनीपर्यंत. त्यावर चालणारी सूत्रे जुनी आहेत. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांचे सूत्र ग्रेग लेमाँड यांच्यामुळे जगभर गेले: पायाची आतली उंची गुणिले ०.८८३ म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून सीटपर्यंतची उंची. ८० सेंटिमीटर पायाला ७०.६ येते. सुरुवातीसाठी ठीक आहे. पण हा आकडा सीटच्या उंचीचा, म्हणजे नेमक्या त्याच गोष्टीचा जी फ्रेम झाल्यावरही मनासारखी बदलता येते. स्कॅन जिथे कामाचा आहे तिथे चूक झाली तरी ती फुकटात सुधारते. आणि जिथे चूक सुधारत नाही, त्या रीच आणि स्टॅकबद्दल उभ्या माणसाचे चित्र फारच थोडे सांगते.

यावर लगेच उत्तर येते की धडाची आणि हातांची लांबी मिळाली म्हणजे रीच मिळालीच. अंशतः खरे. पण माणूस हँडलपर्यंत किती पोहोचतो हे कंबरेतून तो किती वाकतो यावर ठरते. मांडीच्या मागचे स्नायू किती ताठ आहेत, पोट मध्ये येते का, पाठीची जुनी दुखापत आहे का, तासाभराने तो हातांवर भार टाकू लागतो की पोटाच्या स्नायूंवर तोलून धरतो, यावर ठरते. एकाच उंचीचे, एकाच लांबीच्या हातांचे दोघे घ्या. एक रोज सूर्यनमस्कार घालणारा, दुसरा पंधरा वर्षे दिवसाचे दहा तास खुर्चीत बसलेला. मोबाइलला दोघे सारखेच दिसतील. सायकलवर बसवा, दोघांच्या आरामशीर बैठकीत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. कारखान्यात बनणाऱ्या रोड बाइकमध्ये एका साइजवरून पुढच्या साइजवर जाताना रीच बहुधा ५ ते १० मिलिमीटरच वाढते. म्हणजे स्कॅनने सारख्या ठरवलेल्या या दोघांना प्रत्यक्षात किमान दोन-तीन साइज वेगळी सायकल लागते.

आता अचूकतेबद्दल. ॲप दशांशासह आकडा दाखवते आणि माणूस दबतो. या पट्ट्यात तरी असे होऊ नये. आकडा किती बारीक दाखवला जातो आणि तो किती खरा असतो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे भोसरीच्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमधल्या तपासणी टेबलावर उमेदवाराला पहिल्या महिन्यात शिकवतात. शरीर स्कॅन करण्याच्या पद्धतींसाठी आयएसओ २०६८५ हे मानक आहे. हाताने घेतलेल्या मापाशी तुलना करता सरासरी किती फरक चालेल, हे त्यात लिहिले आहे: शरीराच्या उंच्यांना ४ मिलिमीटर, अवयवांच्या लांबीला ५, मोठ्या घेरांना ९. ही अपेक्षा प्रयोगशाळेतल्या स्कॅनरकडून आहे, आणि त्यातही प्रमाण मानले आहे ते प्रशिक्षित हाताने घेतलेले माप. हाताचे माप कालबाह्य झाले म्हणणाऱ्यांनी एवढे एक मानक तरी वाचावे.

साध्या मोबाइलची अडचण याहून मूळची आहे. एका कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोला प्रमाण नसते. लांब उभा उंच माणूस आणि जवळ उभा बुटका माणूस त्याला एकच. म्हणून बहुतेक ॲप आधी तुमची उंची विचारतात आणि तुम्ही टाकलेल्या आकड्यावरून बाकीचे सगळे काढतात. आता आपण उंची किती सांगतो ते प्रत्येकाला ठाऊक आहे. १७० सेंटिमीटरच्या माणसाने १७२ टाकले की ८० सेंटिमीटरचा पाय ९ मिलिमीटरने लांबला, ६० सेंटिमीटरचा हात ७ मिलिमीटरने. त्यात भर म्हणजे माणूस सकाळी उठताना संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो, मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात, आणि हा जवळजवळ सगळा फरक धडात पडतो, म्हणजे रीच ठरवणाऱ्या भागातच. २०२० च्या आयफोन १२ प्रोपासून काही फोनमध्ये लायडार, म्हणजे प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर, आला. त्याने प्रमाणाचा प्रश्न सुटतो. हाड कुठे आहे हा प्रश्न मात्र राहतोच.

आणि खरी मापे हाडांचीच असतात. खांद्याच्या टोकाचे हाड, खुब्याच्या बाजूला हाताला लागणारा मांडीच्या हाडाचा उंचवटा, ज्यांवर आपण सीटवर बसतो ती बुडाची दोन हाडे. ही त्वचेखाली, स्नायूखाली, चरबीखाली असतात. कॅमेरा त्यांचा अंदाज करतो, बोटांना ती सापडतात. अमेरिका, नेदरलँड्स आणि इटलीत १९९८ ते २००० या काळात ‘सीझर’ नावाची मोठी पाहणी झाली. सुमारे ४,४०० लोकांची शरीरे थ्रीडी स्कॅनरने टिपली गेली. त्या यंत्रापुढे माणूस उभा राहण्याआधी प्रशिक्षित माणसांनी त्याच्या अंगावरची हाडे बोटांनी चाचपून सत्तरहून अधिक ठिकाणी स्टिकर लावले होते. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या शरीर-स्कॅनची सुरुवात हाताने झाली होती. मोबाइल ॲपने तेवढी एक पायरी गाळली आणि त्यालाच प्रगती म्हटले.

सीझरचे नाव आणखी एका कारणाने घ्यावे लागते. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतून २०१५ मध्ये आलेले ‘एसएमपीएल’ हे मानवी शरीराचे संगणकीय प्रारूप सीझरच्या स्कॅनवर शिकवलेले आहे, आणि फोटोतून शरीर उभे करण्याच्या कामात अशाच प्रारूपांचा आधार घेतला जातो. फोटोत जे दिसत नाही ते प्रारूप आपल्या अनुभवातून भरून काढते. तो अनुभव कोणाच्या शरीरांचा? डच, इटालियन आणि अमेरिकन. मावळातल्या माणसाच्या पायाचे आणि धडाचे प्रमाण त्यांच्यासारखेच असेल हे कोणी तपासले? आपल्याकडे मापे घेतली गेलीच नाहीत असेही नाही. अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक काढले. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने, जिचे चाकणलाही केंद्र आहे, वाहनचालकांच्या मापांसाठी ‘साइज इंडिया’ नावाचा प्रकल्प थ्रीडी स्कॅनरने केला. निफ्टने कपड्यांसाठी पाहणी हाती घेतली. यांतले किती तुमच्या ॲपमध्ये आहे, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारा आणि तो काय उत्तर देतो ते ऐका.

मला सर्वांत जास्त खटकते ते हे की हा दावा चाकणच्या पट्ट्यातल्या माणसांकडून यावा. गाडीची सीट बसवताना इथे काय करतात? एच-पॉइंट काढतात. त्यासाठी एसएई जे८२६ मानकाचा सुमारे ७६ किलो वजनाचा डमी सीटवर खरोखर बसवतात, ठरलेल्या जोराने मागे दाबतात, आणि गादी दबल्यावर खुब्याचा सांधा नेमका कुठे येतो ते मोजतात. उभ्या माणसाच्या मापावरून बसलेल्याचा खुबा काढता येत नाही, हे वाहन उद्योगाने कधीच मान्य केले आहे. आणि गाडीची सीट तर पुढे-मागे सरकते, पाठ कलते, स्टिअरिंगही वरखाली होते. जिथे इतके सगळे हलवता येते तिथे वजनदार डमी, आणि जिथे नळी एकदा वितळून जोडली की काहीच हलत नाही तिथे दोन फोटो? सोमवार ते शुक्रवार पाळलेली शिस्त शनिवारी कुठे जाते?

‘शिंपीसुद्धा उभ्याचेच माप घेतो,’ असे एकाने मला सुनावले. घेतो. पण तो कच्ची शिलाई मारून एकदा घालून बघायला लावतो आणि शिवणीत माया ठेवतो, पुढेमागे उसवून सैल करता यावे म्हणून. नळीत माया ठेवता येत नाही. पुण्यात निवृत्त ग्रुप कॅप्टन शशिशेखर पाठक बांबूच्या सायकली बनवतात. स्टीलची नळी असो की राळेत गुंडाळलेला बांबूचा सांधा, एकदा पक्का झाला की तो पक्काच.

तिसरा युक्तिवाद असा की थोडीफार चूक झाली तर स्टेम बदलू, सीट रुळांवर मागेपुढे करू. हा युक्तिवाद करणाऱ्याने आपली बाजू सोडून दिली आहे. स्टेम आणि सीटच जुळवायची असेल तर दुकानातली तयार फ्रेम काय वाईट होती? मापाच्या फ्रेमचे पैसे आपण याचसाठी देतो की या जुळवाजुळवीची गरज पडू नये. शिवाय ती जुळवाजुळव फुकट होत नाही. सीट ट्यूबचा कोन एक अंशाने चुकला तर ७० सेंटिमीटर उंचीवर सीट सुमारे १२ मिलिमीटरने सरकते. ते भरून काढायला सीट रुळांच्या टोकाला न्या, मग हँडल लांब पडते, म्हणून स्टेम आखूड करा, मग उतारावर हँडल फार चटकन वळू लागते. ताम्हिणी घाट उतरताना हे काय होते ते ज्याने अनुभवले आहे त्याला समजावण्याची गरज नाही.

चौथा युक्तिवाद मोठ्या शर्यतींचा, की तिथेही सगळे डिजिटल असते. असते, आणि कसे ते नीट बघावे. अमेरिकेत बोल्डरला २००७ मध्ये सुरू झालेल्या रिट्यूलच्या पद्धतीत खेळाडू सायकलवर बसून पायडल मारत असतो. त्याच्या मनगटावर, कोपरावर, खांद्यावर, खुब्यावर, गुडघ्यावर, घोट्यावर आणि पायावर प्रशिक्षित माणूस हाताने खुणा लावतो, आणि यंत्र त्या हलत्या खुणांचा माग घेते. हेही डिजिटलच आहे आणि मला हेच हवे आहे. कारण महत्त्वाचे कोन चालत्या पायावरच मिळतात. होम्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पायडल खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा असे सुचवले. त्याआधी १९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस यांनी पायडलपासून सीटपर्यंतच्या उंचीसाठी पायाच्या आतल्या उंचीच्या १०९ टक्क्यांचे सूत्र दिले होते. पुढे पेव्हलर यांनी दोन्ही ताडून पाहिले, तेव्हा सूत्राने सीट लावलेल्या अनेकांचा गुडघा त्या मर्यादेत बसतच नव्हता. कोणाचा घोटा खाली पडतो, कोणी पंजावर चालवतो, आणि उभ्या माणसाच्या मापात यातले काहीही नसते.

एका मुद्द्यावर मी समोरच्यांशी पूर्ण सहमत आहे. तयार साइजांनी अनेकांवर अन्याय केला आहे. काळ्या सायकलींच्या काळात पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या फाटकांतून शिफ्ट सुटायची तेव्हा रस्ताभर २२ इंची फ्रेम दिसायच्या. बुटका कामगार सीटवरून एका बाजूला घसरून पायडल गाठायचा, मुलगा मधल्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचा. आजही पाच फुटांच्या आतल्या बाईला रोड बाइक घ्यायची तर सर्वांत लहान साइजसुद्धा लांब पडते. पण याचे कारण तिचे माप कोणी घेतले नाही हे नाही. कारण चाक आहे. ६२२ मिलिमीटर रिमचे चाक लावले की वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागू नये म्हणून फ्रेम एका मर्यादेपलीकडे आखूड करताच येत नाही. अमेरिकेत जॉर्जेना टेरी या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीतून बुटक्या बायकांसाठी पुढे लहान चाक लावलेल्या सायकली विकल्या. तो निर्णय कोणत्या स्कॅनमधून आला नव्हता. अडचण कुठे आहे हे ओळखणाऱ्या बनवणाऱ्याकडून आला होता. ॲपने पाठवलेल्या मापांवर मुकाट नळ्या कापणारा माणूस तिला ६२२ चेच चाक देईल आणि तिचा बूट त्याला घासत राहील.

आता पैशाचे बोलू, कारण मोबाइलच्या मापाची इतकी भलामण का होते हे तिथे कळते. मापाने केलेली फ्रेम परत घेतली जात नाही. ती दुसऱ्याला बसणार नाही हे कारण रास्तच आहे. पण मग माप चुकले तर नुकसान कोणाचे? बनवणाऱ्याने स्वतः माप घेतले असेल तर त्याचे. गिऱ्हाइकाने घरी उभे राहून स्कॅन पाठवला असेल तर ‘तुम्हीच पाठवलेल्या मापाने बनवली’ हे उत्तर तयार असते. माझ्या ओळखीतल्या एकाला हेच उत्तर मिळाले. नाव घेत नाही. त्याने करून घेतलेली फ्रेम हात बधिर होतात म्हणून आज भिंतीला टांगलेली आहे. माप घेण्याची मेहनत वाचली ती बनवणाऱ्याची आणि जोखीम सरकली ती विकत घेणाऱ्याकडे. तंत्रज्ञानाच्या नावाखाली जबाबदारी अशी हलवली जाते याचा मला राग आहे, आणि तो लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

म्हणून फ्रेम करून घेणाऱ्यांनी तीन गोष्टींवर अडून बसावे. पहिली म्हणजे फिट बाइकवर, ज्याची सीट आणि हँडल सगळीकडे सरकते अशा सांगाड्यावर, घाम येईपर्यंत पायडल मारल्याशिवाय रीच आणि स्टॅक ठरवू देऊ नये. दुसरी, नळी कापण्याआधी टॉलरन्ससह ड्रॉइंग मागावे आणि त्यावर बनवणाऱ्याची सही घ्यावी. तिसरी, फ्रेम तयार झाली की ती त्याच ड्रॉइंगवर मोजून दाखवायला सांगावी. चाकणला पहिला नग पास झाल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. इथे तर पहिला नग हाच शेवटचा असतो.

आणि ज्यांना हे अजूनही पटत नाही त्यांना एक चाचणी सुचवतो. या पट्ट्यात रोज होणारी गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्याच्या पद्धतीचीच परीक्षा. दहा माणसे, माप घेणारे तिघे, प्रत्येकाने प्रत्येकाचा तीनदा स्कॅन घ्यायचा, नव्वद नोंदी. मधे फोन बदला, कपडे बदला, सकाळ-संध्याकाळ करा. प्रत्येक मापाला ५ मिलिमीटर इकडेतिकडे एवढी टॉलरन्स धरा आणि पद्धतीचा स्वतःचा फरक त्या टॉलरन्सच्या किती टक्के येतो ते काढा. १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगले, ३० च्या वर असेल तर फेकायचे, हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. ताथवड्यातच जेएसपीएमचे राजर्षी शाहू अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून हे देता येईल. स्कॅन त्यात पास झाला तर पायाच्या आणि हाताच्या लांबीसाठी तो वापरायला माझी ना नाही. रीच आणि स्टॅकसाठी फिट बाइक मात्र तेव्हाही लागेल, आणि ती परदेशातून आणायची गरज नाही: दोन स्लाइड, दोन लीड स्क्रू, एक जुनी क्रँक आणि मागे लोड द्यायला ट्रेनर, एवढे सामान भोसरीत मिळते.